पेलेट कमी करणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

पाळीव सशाच्या पेलेट, म्हणजे दळलेल्या चाऱ्याच्या विकतच्या गोळ्या, हळूहळू कमी करून त्याला गवत खायला लावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. पेलेट कमी करा म्हणणं म्हणजे मुक्या जिवाला उपाशी ठेवून गवत त्याच्या गळी उतरवणं, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा ससा दोन वर्षं पेलेट आणि गाजरावर मजेत आहे, गवताची काडी उचलतो, चघळतो आणि टाकून देतो, असंही म्हटलंय. रानातला ससा कुठे वाळलं गवत खातो, आणि टिमोथी या विकतच्या वाळल्या गवताचा भाव कोणाला परवडतो, हेही विचारलंय. हे सगळं सशाच्या मायेपोटीच आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सशाला उपाशी ठेवू नयेच, यात आपलं दुमत नाही. 12 तास पोटात काही गेलं नाही तर त्याची आतडी मंदावतात आणि जिवावर बेततं. लठ्ठ सशाचं खाणं एकदम तोडलं तर यकृतात चरबी साठते. म्हणूनच मी लेखात 'हळूहळू' म्हटलं होतं. पूर्ण वाढलेल्या सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 25 ग्रॅम पेलेट पुरतात. वाटी दिवसभर भरलेली असेल, तर तिथपर्यंत यायला तीन-चार आठवडे घ्या. दर आठवड्याला वजन करा, आणि ते उतरायला लागलं की तिथेच थांबा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं तर काहीच कमी करू नका. पोट आधीच भरलेलं असेल तर कुठलाही ससा गवताकडे बघत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

पेलेटमध्येही तंतू असतात, मग गवतच का? पेलेट दळून केलेल्या असतात. सशाची आतडी हलती राहतात ती लांब, न पचणाऱ्या तंतूंमुळे. दातांचंही तसंच. त्याचे दात, अगदी दाढासुद्धा, आयुष्यभर वाढत राहतात; पुढचे दात आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. ससा गवत खाताना जवळ बसून बघा. खालचा जबडा आडवा, डावी-उजवीकडे फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. पेलेट तो वरून खाली दाबून फोडतो, त्यात ही घासणी फारशी होत नाही. लेंडीवरूनही कळतं. भरपूर गवत खाणाऱ्या सशाची लेंडी मोठी, गोल, फिकट असते. वाळलेली लेंडी बोटांत चुरडली की भुशासारखे तंतू सुटतात. बारीक, काळपट, वेड्यावाकड्या लेंड्या दिसल्या तर तो मजेत आहे असं मी म्हणणार नाही.

रानाबद्दल म्हणाल, तर आपल्या शेतात दिसतो तो ससा वेगळ्या जातीचा. घरात पाळतो त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात गवत उभ्याउभ्याच वाळतं, आणि असल्या रुक्ष चाऱ्यावरच हे शरीर घडलंय. गाजर त्याच्यासाठी गोड खाऊ आहे, एखादा तुकडा पुरे.

भावाचं तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं आहे, टिमोथी महागच आहे. पण टिमोथीच हवं असा नियम नाही. आपली हरळी, म्हणजे दूर्वा, उत्तम चालते, ताजीही आणि सावलीत वाळवलेलीही. फवारणी झालेली किंवा रस्त्याकडेची नको, आणि यंत्राने कापलेल्या लॉनचा चुराही नको, तो लवकर आंबतो. आपल्याकडे रब्बीत दुभत्या जनावरांसाठी ओट पेरतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दाणा भरण्याआधी कापून वाळवलेला ओट मिळाला तर फार छान. लसूणघास वाढत्या पिल्लांसाठी ठीक आहे. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि मूत्राशयात गाळ साठू शकतो. कोवळी हिरवी ज्वारी कधीच नको, तिच्यातून सायनाइड तयार होतं.

गवत हिरवट आणि सुगंधी असावं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं की बुरशी धरतं, आणि तसलं गवत सशाने नाकारलं तर तो शहाणाच म्हणायचा. गोणपाटात ठेवा, ऊन पडलं की पसरा, धूळ झटकून द्या. ससा शी करताना खात राहतो, म्हणून त्याच्या शीच्या ट्रेच्या एका कडेला गवताचा ढीग ठेवा. त्यात वाळलेली कोथिंबीर किंवा पुदिना मिसळा म्हणजे तो हुंगत हुंगत काड्याही खातो. पेलेट संध्याकाळी द्या, सकाळी ताजं गवत समोर असू द्या.

पण हे सगळं नंतर. काडी उचलतो, चघळतो आणि टाकून देतो, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. आवडत नसतं तर त्याने काडी उचललीच नसती. दाढेला टोक आलं की ते जिभेला किंवा गालाला टोचतं, आणि ससा असंच करतो. हनुवटी ओली राहते का, एकाच बाजूने चावतो का, बघा. तोंड उघडून पुढचे दात पाहिल्याने दाढांचं काही कळत नाही. सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन उपकरणाने आतपर्यंत तपासून घ्या. तोवर त्याच्या पेलेट एका दाण्यानेही कमी करू नका.