गाय दवाखान्यात न्यायची आहे? मग हे वाचाच

पहिली गोष्ट, घाई करू नका. गाय वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ करत नाही, एवढ्यावरून कोणी तालुक्याला धावत नसतं. आधी हळद-गुळाचा गोळा, मग गोडं तेल, मग शेजारच्या अण्णांचा अनुभव, असं तीन दिवस रीतसर होऊ द्या. चौथ्या दिवशी गाय टेम्पोत घाला आणि दवाखाना बंद व्हायच्या बेताला पोचा. उतरल्या उतरल्या ओरडा, "कोणी आहे का नाही इथं?" समोर परिचर उभा असेल, पण त्याला 'कोणी'त धरायचं नसतं.

त्याचं काम ते काय! गाय खोड्यात घालायची, नाक दाबून धरायचं, लाथ खायची आणि शेवटी शेण धुवायचं. तुम्ही लांबून "गरीब आहे हो, मारत नाही" एवढं सांगा. लाथ बसलीच तर "आजवर कधी कुणाला मारलं नव्हतं" हे वाक्य तयार ठेवा. जखमेतल्या आळ्या चिमट्यानं वेचत बसलेला व्रणोपचारक दिसला तर त्याला कंपाउंडर म्हणा. जखम भरली की गावात सांगायचं, साहेबांच्या हाताला गुण आहे.

आता आंतरवासितेची, म्हणजे इंटर्नशिपची पोरं. परभणी, उदगीर, शिरवळ अशा कुठल्यातरी महाविद्यालयात साडेचार वर्षं घासून आलेली असतात, म्हणजे अजून शिकाऊच. एखादीचा हात खांद्यापर्यंत मोजा चढवून गायीच्या आत असेल, तेव्हा विचारा, "ताई, जमंल ना तुम्हाला?" गाय दोनदा गाभडलीय, हे मात्र बोलू नका. गाय गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक आहेच.

नुकती व्यालेली गाय मान कुशीला टाकून बसलीय, अंग गार पडलंय, तर तो बहुधा दुधी ताप, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटलंय. कॅल्शियम शिरेतून सावकाश द्यावं लागतं, भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून एक पोरगा हात भरून येईस्तोवर बाटली उंच धरून उभा, दुसरा स्टेथोस्कोप लावून शेणात उकिडवा. नेमकं तेव्हाच म्हणा, "जरा जोरात सोडा की, मला धारा काढायच्यात." बाटली संपता संपता गाय शेण टाकते, धडपडत उठते. लगेच फोन काढून घरी कळवा, अंगारा लागू पडला.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. गाय लाळ गाळतेय, घोगरं हंबरतेय, पाणी गिळता येत नाही आणि महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तर शेवटचं तेवढं गाळा. "घशात काहीतरी अडकलंय" म्हणा. परिचर जबडा फाकवेल, एखादा पोरगा हात घालून चाचपेल. तुम्ही मोबाईलची बॅटरी धरा, मदत करावी माणसानं. कुत्र्याचं सांगितलं असतं तर त्यांनी तोंडात हात घातला नसता, आधी लस घेतली असती. मग गायीकडे कोण बघणार? तसाही लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजला इलाज नाही.

गाय गेली, की दवाखान्यानं मारली म्हणून तक्रार ठोका. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच परिचराचं दार वाजवा. आता त्याला 'मामा' म्हणायचं आणि हळूच विचारायचं, घरातल्या सगळ्यांनी त्या गायीचं कच्चं दूध प्यालंय, इंजेक्शनं कुठं मिळतात?