लायब्ररीच्या कार्डावर सिनेमा

मराठी सिनेमाचा वाद निघाला की तो दोनच वाटांनी जातो. पहिली वाट मल्टिप्लेक्सची. 2015 मध्ये राज्य सरकारने प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती केली, तरी शो मिळत नसल्याची तक्रार आजही तीच. दुसरी वाट ओटीटीची : तिथे मराठीला भाव नाही, आणि प्रेक्षक टेलिग्रामवरची लिंक शोधत बसतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद रंगला की कोणीतरी मला मध्ये ओढतंच. "तुमचं अमेरिकेत बरं आहे रे, लायब्ररीच्या कार्डावर सिनेमे फुकट!"

बरं आहे, यात वाद नाही. पण ते फुकट कसं चालतं हे एकदा नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्यातली चुकीची गोष्ट उचलली जाईल अशी मला धास्ती आहे.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सिनेमे मिळतात ते मुख्यतः कॅनोपी आणि हूपला या दोन सेवांवर. कॅनोपी 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सुरू झाली, तेव्हा ती विद्यापीठांना डीव्हीडी पुरवायची. आज कार्डाचा नंबर टाकला की खात्यावर महिन्याची तिकिटं जमा होतात. किती, ते तुमची लायब्ररी ठरवते. प्रत्येक सिनेमाखाली लिहिलेलं असतं, इतकी तिकिटं लागतील, इतक्या वेळात बघून संपवा. उरलेली तिकिटं पुढच्या महिन्यात मिळत नाहीत. जाहिराती नाहीत, आणि जुने जपानी, इराणी सिनेमे, माहितीपट असा ऐवज आहे की बाजारातल्या ओटीटीवर शोधून सापडणार नाही.

तुम्ही प्ले दाबलंत की लायब्ररीचं मीटर पडतं. जितकं जास्त बघितलं जाईल तितकं बिल जास्त. 2019 च्या जुलैपासून न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालय व्यवस्थांनी कॅनोपी बंद केली. कारण एकच, परवडत नाही. तेव्हा एका प्लेमागे साधारण दोन डॉलर जात होते. म्हणजे सेवा लोकांना आवडली म्हणूनच ती बंद पडली! हूपलाचीही तीच गत. लायब्ररीने दिवसाची खर्चमर्यादा ठरवलेली असेल आणि ती संध्याकाळीच संपली, तर पडद्यावर निरोप येतो : आजचा कोटा संपला, मध्यरात्रीनंतर या. रेशनच्या दुकानात ऐकल्यासारखं वाटतं.

विद्यापीठांत तर कॅनोपीचा हिशेब आणखी गमतीचा होता. कोणताही सिनेमा चार वेळा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालला, की वर्षभराचा परवाना आपोआप खरेदी व्हायचा, बहुधा दीडशे डॉलरच्या आसपास. झोप येत नाही म्हणून चौघांनी लावून बघितला तरी पैसे लागू. मग अनेक विद्यापीठांनी हात आखडता घेतला. प्राध्यापकाने अभ्यासक्रमासाठी मागितला तरच सिनेमा मिळेल, असा नियम आला.

डीव्हीडीच्या काळात हे नव्हतं. लायब्ररीने एकदा तबकडी विकत घेतली की ती झिजेपर्यंत कितीही जणांना द्या, कायदा आड येत नव्हता. स्ट्रीमिंगमध्ये लायब्ररीच्या मालकीचं काहीच राहत नाही. करार संपला की सिनेमा गेला, आणि कपाटात रिकामी जागासुद्धा दिसत नाही.

तरीही मला इथलं जे आवडतं ते असं, की या पैशांवर चारचौघांत भांडता येतं. ग्रंथालयाचा पैसा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि काही ठिकाणी त्या करावर थेट मतदान होतं. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांनी कॅनोपी बंद केली, तेव्हा हा पैसा पुस्तकांवर आणि इतर साहित्यावर खर्च करू असं उघड सांगितलं. लोक चिडले, पण हिशेब समोर होता.

महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटक आणि तमिळनाडूत तो आहे. आपली ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत विभागलेली आणि अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली. त्यांच्या माथी दर प्लेमागे पैसे मोजणारी सेवा मारणं म्हणजे पहिल्याच महिन्यात टाळं लावण्याची सोय. म्हणून "आपल्याकडेही कॅनोपीसारखं काहीतरी आणा" या मागणीला माझा सरळ विरोध आहे.

ठोक रकमेचा करार मात्र आपल्याला नवा नाही. केंद्राने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना हजारो संशोधनपत्रिका खुल्या. एकाने वाचली काय नि लाखाने वाचली काय, बिल तेच. सिनेमाला हा न्याय लावायला काय हरकत आहे?

आणि मराठी सिनेमाच्या बाबतीत तर अर्धे पैसे आपण आधीच भरलेत. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख असे आकडे अनेक वर्षं चालत आले आहेत. हा करदात्याचा पैसा. पण अनुदान घेतलेला सिनेमा आठवड्याभरात थिएटरातून उतरला आणि ओटीटीनेही घेतला नाही, तर तो करदात्याने बघायचा कुठे? टेलिग्रामवरच. अनुदानाच्या करारात एक कलम घाला : प्रदर्शनानंतर, समजा, पाच वर्षांनी सिनेमा राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना आणि सरकारी विद्यापीठांना खुला.

निर्माते कुरकुर करतील. पाच वर्षांनीही सॅटेलाइटचे, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याचे, हक्क विकले जातात, ते का सोडायचे, असं म्हणतील. ज्याचे विकले जातात त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याने अनुदान घेऊ नये किंवा थोडं कमी घ्यावं. बाकी बहुसंख्य सिनेमे पाचव्या वर्षी कोणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये पडून असतात. त्यांच्या निर्मात्याला यात गमावण्यासारखं फारसं काही नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. ड वर्गाच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं, दिवाळी अंक आणि एक अर्धवेळ ग्रंथपाल. तिथे कार्ड, लॉगिन, ॲप हे कोण सांभाळणार? तिथे ॲप नकोच. एक टीव्ही आणि शनिवारचा संध्याकाळचा खेळ पुरे. मात्र त्यासाठी त्या कलमात घरी बघण्याच्या हक्कासोबत ग्रंथालयात सर्वांना दाखवण्याचा हक्कही लिहून घ्यावा लागेल. हे दोन हक्क वेगळे असतात, आणि दुसरा मागायचा राहिला तर सिनेमा असूनही ग्रंथपालाला तो लावता येणार नाही.