सिग्नलला एसी गरम हवा मारतो म्हणून लगेच गॅस भरायला पळू नका

ऊन तापायला लागलं की येणारा तो मेसेज यंदाही आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, मामांनी टाकला, खाली 'जनहितार्थ' वगैरे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: गाडीचा एसी थंड करत नसेल तर गॅस संपलाय, दर उन्हाळ्याआधी भरून घ्या, गाडी हीट होत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढून फेका, फॅन डायरेक्ट करून टाका, आणि कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं द्रव) ही कंपन्यांची लूट आहे, नळाचं पाणी घाला. चार सल्ले, आणि चारही निस्तरायला खिशातून पैसे जातात.

"एसी थंड नाही म्हणजे गॅस संपला." अहो गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद पाइपात तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. जुन्या गाडीत होजमधून, सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर लीक शोधायला पाहिजे. लीकच्या जॉइंटवर बऱ्याचदा तेलकट धूळ बसलेली दिसते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, ऑइलपण बाहेर येतं.

पण मुळात आधी एवढंच बघा की एसी कधी गरम होतो. हायवेला मस्त थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं असेल तर पहिला संशय फॅनवर घ्या. पुढच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा) असतो आणि त्याच्यामागे इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर. गाडी पळताना दोघांना वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की सगळा भार फॅनवर. फॅन नाही फिरला की कंडेन्सर तापतो, प्रेशर चढतं आणि फारच चढलं की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर कट करतो.

मी स्वतः यात फसलोय म्हणून एवढं लिहितोय. माझी जुनी हॅचबॅक, मे महिना, एका गॅरेजवाल्याने गेज (प्रेशर मोजायचे काटे) न लावताच गॅस टॉप अप केला, रात्री मोकळ्या रस्त्याने घरी आलो तर एकदम गारेगार, म्हटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅफिकमध्ये परत तेच. वीस दिवसांनी पुन्हा गॅस भरला आणि आता तर आधीपेक्षा जास्त वेळा कट व्हायला लागला, होणारच, जास्त गॅस म्हणजे जास्त प्रेशर. शेवटी एका वायरमनने बोनेट उघडून एसी लावायला सांगितला. कॉम्प्रेसरचा 'टक' आवाज आला, फॅन मात्र ढिम्म. त्याने लाकडी पट्टीने पात्याला हलकंच ढकललं आणि फॅन गरगर फिरायला लागला. मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजले होते, बस. (बोटं घालू नका हं, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक सुरू होतो.)

हे घरी दोन मिनिटांत बघता येतं. इंजिन चालू, एसी चालू, 'टक' ऐकू आला की थोड्या वेळात फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच), बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले त्याच बॉक्समध्ये असतो, अदलाबदल करून बघा. मग कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, पावसाळ्यानंतर त्यात हिरवा गंज चढलेला असतो. 'टक'च येत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे गॅस खरंच कमी असू शकतो. आणि गॅरेजमध्ये गेज लावायला लावाच. गॅस कमी असेल तर सहसा दोन्ही काटे खाली, फॅन बंद असेल तर दोन्ही वर. किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

"थर्मोस्टॅट काढा." बंद अवस्थेत अडकलेला असेल तर काढायचाच, पण नवीन बसवायला. साधारण 82 ते 88 डिग्रीला तो उघडायला लागतो, तोच नसेल तर इंजिन नीट तापत नाही, कम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज गेलं. संशय असेल तर काढून जुन्या पातेल्यात पाण्यात टाका (चहाचं नको, कूलंट विषारी असतं) आणि पातेलं शेगडीवर ठेवा. पाणी उकळायच्या आत उघडला नाही तर खराब.

"साधं पाणी घाला." घाटात अडकलात तर घाला, घरी आल्यावर बदला. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी असलं की उकळण्याची डिग्री वाढते आणि आत गंज धरत नाही. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि कॅप, प्लीज, गरम असताना उघडू नका, आत प्रेशर असतं, सगळं उकळतं पाणी तोंडावर येतं.

"फॅन डायरेक्ट करा." रिले-फ्यूज टाळून बॅटरीवरून वायर ओढायची म्हणजे उन्हातान्हात दहा-वीस ॲम्पियरचा लोड फ्यूजशिवाय, वायर वितळली तर आग. फॅन सकाळी थंड इंजिनवरही फिरत बसतो, मोटर लवकर जाते, आणि मूळ फॉल्ट, सेन्सर असो वा रिले, तसाच राहतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर मामांनी नुसता अंगठा दाखवला. मग रात्री फोन आला, रविवारी गाडी घेऊन येतोय म्हणाले, त्यांचा फॅन गेल्या दिवाळीपासून डायरेक्टच आहे.