एकटं दिसलं म्हणजे अनाथ नसतंय

ज्वारी काढणीला आली की माझ्या फोनवर एक फोटो हमखास येतो. खाटेवर बसलेलं पोरगं, मांडीवर हरणाचं पाडस, तोंडात दुधाची बाटली. खाली ‘माणुसकी जिवंत आहे’. मला तो फोटो बघवत नाही. असं एक पाडस आमच्याच अंगणात मेलंय.

बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं आमचं रान. मोरांचं नायगाव अभयारण्य याच तालुक्यात, त्यामुळं मोर, हरणं, काळवीट आम्हाला काही नवं नाही. पाच वर्षांमागं काढणी चालू असताना चुलते पाडस उचलून घेऊन आले. “माय न्हाई त्याला, एकलंच पडलं व्हतं.” मीही खूश. गाईचं दूध पाजलं. पहिल्या दिवशी प्यायलं. दुसऱ्या दिवशी हगवण लागली, शेपटीखालचे केस चिकटून गेले, आणि गल्लीतली पोरं हात लावून बघायला रांग लावून उभी. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मान टाकली. आम्ही गुपचूप बांधाला खड्डा केला.

माय होती त्याला. हरणी पिलाला पिकात दडवून लांब चरायला जाते, म्हणजे लांडग्या-कुत्र्यांना माग लागत नाही. अधूनमधून येऊन पाजून जाते. तोवर पिलू जमिनीला चिकटून, कान पाडून पडून राहतं. माणूस जवळ गेला तरी हलत नाही, आणि आपण म्हणतो, “बिचारं अशक्त झालंय!” सशीण तर पिलांना पाजायला दिवसातून एखाद्याच वेळी येते. झाडाखाली टुणटुण उड्या मारणारं पिसं फुटलेलं पिल्लू उडायला शिकत असतं, त्याचे मायबाप वरच्या फांदीवरच असतात.

आणि ते ‘माणसाचा वास लागला की माय जवळ करत नाही’ हे आधी डोक्यातून काढा. या एका समजुतीपायी लोक पिलू परत ठेवायचं सोडून घरी पाळत बसतात. उचललं असलंच तर त्याच दिवशी, त्याच जागी ठेवा, कुत्री बांधा आणि नजरेआड व्हा. उसात बिबट्याची पिलं सापडली तर मात्र हात लावायचाच नाही. तोड थांबवून माणसं मागं घ्या, मादी जवळपासच असते. वनखात्याचे लोक रात्री पिलं तिथंच ठेवतात आणि ती येऊन घेऊन जाते.

सगळंच सोडून द्या असं मी म्हणत नाही. कुत्र्यांनी फाडलेलं, विहिरीत पडलेलं, पतंगाच्या मांज्यात अडकलेलं जनावर दिसलं तर वनखात्याच्या 1926 वर फोन लावा. गाडी येईपर्यंत लहान जीव भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गप्प जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. मोठ्या काळवीटाच्या मागं पळू नका. पाठलागाच्या अन् धरपकडीच्या धसक्यानं अंगावर ओरखडा नसलेलं काळवीटही मरतं. आमच्याकडं विहिरीत एक पडलं होतं, तर काठावर दीडशे माणूस आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. खाली ते पोहून पोहून थकलेलं. कोल्ह्या-वानरांना उघड्या हातानं धरू नका. चावलं तर जखम साबणानं खसाखसा धुवून लगेच रेबीजची लस घ्या.

“फोन केला तरी वेळेवर कोण येतंय?” हे मला ऐकवू नका. मीही सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाट बघितलीय, शिव्याही घातल्यात. पण म्हणून पाडस आपलं होत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. लाडानं पाळलं तरी गुन्हाच. ‘जीवदान दिलं’ म्हणून टाकलेली रील हा तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते, एवढं ध्यानात ठेवा.

यंदा काढणीत परत एक निघालं. बाया चार पावलांवर आल्या तरी हललं नाही, फक्त नाकपुड्या थरथरत होत्या. चुलत्यांनीच हात वर करून काढणीची पात थांबवली. “तेवढं ऱ्हाऊ द्या उभं.” बाया कुरकुरल्या, मुकादमानं दिवस मोडला म्हणून तोंड वाकडं केलं. खाटेएवढा ज्वारीचा तुकडा मधीच उभा राहिला. चौथ्या दिवशी जाऊन बघितलं तर कणसं पाखरांनी साफ केलेली, आणि खाली दाबलेल्या धाटांवर कोणी नव्हतं.