कामाचे स्वरूप : इतर

‘जरा हळू घ्या’ असं डॉक्टर मला म्हणाले तेव्हा त्यांचा एक हात पुढच्या पेशंटच्या घंटीवर होता. रक्तदाबाचा आकडा त्यांनी मला नाही, कॉम्प्युटरला सांगितला. हळू म्हणजे नक्की काय करू, असं मी विचारेपर्यंत पुढचे गृहस्थ आत येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तेव्हा हळू कसं घ्यायचं हे माझं मलाच ठरवावं लागलं. ऑफिस सुटल्यावर स्टेशनला जाताना वाटेत कुठेतरी थोडा वेळ नुसतं बसायचं, असं मी ठरवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त बसायचं.

बसायला जागा मात्र हवी ना! रोज ज्या रस्त्यानं तरातरा जाते त्यावर बसण्यासारखं काहीच नाही, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. बसस्टॉपवर आहे ती तिरकी नळी. तिला टेकलं की माणूस बसलेलाही नसतो आणि उभाही नसतो. एक बाक आहे, पण त्यावर कुणी आडवं होऊ नये म्हणून मध्ये लोखंडी दांड्या घातल्यात, त्यामुळे जरा अंगानं भरलेल्या माणसानं तिथे बसायचं तर आधी त्यानं हळू न घेता जोरात व्यायाम करायला हवा. शेवटी एका काचेच्या उंच इमारतीसमोर, झाडांच्या वाफ्याभोवती, ग्रॅनाइटचा गुडघाभर उंचीचा कठडा दिसला. सावलीही होती. बसले.

एक मिनिट झालं असेल-नसेल, गळ्यात शिट्टी अडकवलेले सिक्युरिटीवाले काका समोर येऊन उभे राहिले.

“मॅडम, कुणाची वाट बघताय?”

“कुणाचीच नाही.”

“गाडी येणारे का?”

“नाही.”

“बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?”

“नको, मी अगदी छान आहे.”

यावर ते खरे घाबरले. आजारी बाई कशी हाताळायची ते त्यांना ठाऊक असणार, गाडीची वाट बघणारीही रोज भेटत असणार. पण काही कारण नसताना, धडधाकट असताना, भर रस्त्यात छान वाटणारी बाई त्यांच्या नोकरीत प्रथमच आली असावी. त्यांनी वर, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मग फोन तरी बघा ना, मॅडम.”

“कशाला?”

“हातात फोन असला की वरून कोणी विचारत नाही. नुसतं बसलेलं माणूस कॅमेऱ्यात लगेच उठून दिसतं.”

“पण मला फोनच बघायचा नाहीये. त्यासाठीच तर बसलेय.”

“बघू नका हो. नुसता धरा.”

इतक्यात एक तरुण आला, माझ्यापासून हातभर अंतरावर बसला आणि मांडीवर लॅपटॉप उघडून हवेशी इंग्रजीत भांडू लागला. काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी बोट दाखवलं.

“त्यांना का नाही विचारत?”

“त्यांचं काम चाललंय,” काका आदरानं म्हणाले.

मग ते त्यांच्या टपरीत गेले आणि लांबलचक रजिस्टर घेऊन आले. पुठ्ठ्याच्या कडा चिकटपट्टीनं सांधलेल्या, आणि पेन पळवू नये म्हणून सुतळीनं बांधलेलं. “आता बसलाच आहात तर एंट्री करून टाका. म्हणजे तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही.” रकाने होते ते असे : नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचे, कामाचे स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. नाव लिहिलं. कुठून आलात, लिहिलं. कुणाला भेटायचे या रकान्यात मी रेघ मारली, तर काकांच्या चेहऱ्यावर थेट त्यांच्या पगारावर रेघ मारल्यासारखा भाव आला.

“कामाच्या स्वरूपात काय लिहू? काही नाही?”

“काही नाही असं नाही चालत. महिन्याच्या महिन्याला वर जातं हे पुस्तक.”

“मग निवांत बसणे, असं लिहिते.”

“निवांत?” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मग असं सांगा ना आधी! सातव्या मजल्यावरचं ऑफिस. ते ध्यानाचं अ‍ॅप बनवतात तेच ना?”

“नाही हो. मला कुठल्याच मजल्यावर जायचं नाहीये.”

“कारण तिकडे अपॉइंटमेंटशिवाय सोडत नाहीत. फार घाईत असतात ती माणसं. परवा एकाने लिफ्ट लवकर येईना म्हणून माझ्यावरच आवाज चढवला.”

तोवर लॅपटॉपवाल्याचं भांडण मिटलं होतं आणि तो आमच्यात रस घेऊ लागला होता. “वेटिंग लिहा,” त्यानं फुकट सल्ला दिला. “वेटिंगला कोणी काही विचारत नाही.” कुणाचं वेटिंग, असं मी विचारलं. तो म्हणाला, “ते कोण वाचतंय?” शेवटी काकांनीच पेन घेतलं आणि शाळकरी वळणाच्या अक्षरात माझ्या आयुष्यातल्या त्या संध्याकाळचं वर्णन केलं : ‘इतर’.

मला वाटलं, सुटले. तर त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “जाण्याची वेळ.”

“अजून गेले कुठे मी?”

“अंदाजे लिहा. मोकळं सोडलं तर माणूस आत राहिलं असं धरतात.”

मी एक वेळ लिहिली. आणि मग, माझ्या शांततेची मुदत संपायला किती अवकाश आहे हे बघण्यासाठी, मनगटावरच्या घड्याळाकडे सारखी बघत बसले. जायच्या वेळेला काका पुन्हा हजर. काही बोलले नाहीत. नुसते रजिस्टर छातीशी धरून उभे राहिले. मी उठले.

राग त्या काकांचा नाही आला. उठताना मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही बसत नाही का कधी? तर त्यांनी पुन्हा खांबाकडे मान उडवली. ड्यूटीवर बसायला मनाई आहे, बसलेले दिसलो की पगार कापतात. दिवसभर त्या कठड्याशेजारी उभ्या राहिलेल्या माणसावर दुसऱ्यांना उठवण्याचं काम सोपवणाऱ्याचा राग आला. तो वर कुठेतरी स्क्रीनसमोर असणार. आणि तो नक्की बसलेला असणार.

विल्यम व्हाइट नावाच्या एका अमेरिकन माणसाचं तर आयुष्यातलं मोठं कामच कॅमेऱ्यातून बसलेली माणसं बघण्याचं होतं. 1970 च्या दशकात त्यानं न्यूयॉर्कमध्ये इमारतींसमोरच्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावले. उठवण्यासाठी नव्हे, लोक कुठे आणि का बसतात ते बघण्यासाठी. त्याआधी, 1961 साली, त्या शहरानं बिल्डरांना एक सवलत दिली होती : समोर एक चौरस फूट जागा लोकांसाठी मोकळी सोडा, वर दहा चौरस फूट जास्त बांधा. बिल्डरांनी जागा सोडल्या, वर भरपूर बांधलं, आणि खाली कुणी फिरकेना. ऊन, सावली, आकार, सगळं मोजून व्हाइटचा मुख्य निष्कर्ष असा निघाला की लोक तिथे जास्त बसतात, जिथे बसायला जागा असते. एवढं सांगायला वर्षानुवर्षं फिल्म बघावी लागली, याला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण पटवून द्यायला तेवढी लागली, आणि 1975 मध्ये नियम आला की अशा दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा द्यायलाच हवी. त्याचं अजून एक निरीक्षण मला फार आवडतं : हलवता येणारी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती उगाच इंचभर सरकवतो. काही फरक पडत नाही, तरी सरकवतो. आमच्या कठड्यावर असं काही केलं असतं तर ‘मालमत्तेची हानी’ असा आणखी एक रकाना उघडला असता.

आता कुणी म्हणेल, शहर म्हटलं की घाई आलीच. बरोबर आहे. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेंझायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 31 देशांतल्या शहरांची घाई मोजून 1999 मध्ये ती छापली. मोजली कशी, तर रस्त्यावर माणूस साठ फूट किती वेळात चालतो, पोस्टातला कारकून तिकीट द्यायला किती वेळ लावतो आणि बँकांतली घड्याळं किती अचूक चालतात. पहिला नंबर स्वित्झर्लंडचा, शेवटचा मेक्सिकोचा. वेगवान ठिकाणी हृदयविकारानं मरणारे जास्त निघाले. इथवर माझ्या डॉक्टरांचं म्हणणं खरं. पण त्याच ठिकाणची माणसं स्वतःला जास्त सुखीही समजत होती. म्हणजे धावतात, खूश असतात आणि मरतात. या निष्कर्षाचं मी काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. मला तर धावूनही सुख होत नाही, त्यामुळे मी कुठल्या देशात मोजली जाणार कोण जाणे.

बरं, घाईनं खरंच लवकर होतं का? दहा किलोमीटर ताशी चाळीसच्या वेगानं गेलात तर पंधरा मिनिटं, पन्नासनं गेलात तर बारा. वाचली तीन मिनिटं. ती पार्किंग शोधण्यात जातात, आणि उरली तर ज्याला ओव्हरटेक केलं त्याच्याच शेजारी सिग्नलला उभं राहण्यात. सरकत्या जिन्याची कथा तर त्याहून सरस. लंडनच्या हॉबर्न स्टेशनवर 2015 साली एक प्रयोग झाला. तिथला रिवाज उजवीकडे उभं राहायचं आणि डावीकडून घाईवाल्यांनी चढायचं असा. तीन आठवडे सांगितलं, दोन्ही बाजूंना नुसते उभे राहा. तर गर्दीच्या वेळी जवळजवळ 30 टक्के जास्त माणसं वर पोहोचली, कारण इतक्या उंच जिन्यावर चढत जाणारे मुळात थोडे, आणि त्यांच्यासाठी अर्धा जिना रिकामा राहायचा. लोकांना हे आवडलं का? छे! भांडले. सगळे मिळून लवकर पोहोचतात याच्याशी कुणाला काय घेणंदेणं, मी शेजाऱ्याच्या आधी पोहोचलो पाहिजे. परवा सरकत्या जिन्यावर मागच्या बाईंनी त्यांच्या बॅगेचं टोक माझ्या पाठीत रुतवून “चला हो, चला” केलं तेव्हा मी हा सगळा प्रयोग त्यांना सांगायला तोंड उघडलं होतं. पण वर पोहोचलो आणि त्या पळाल्या.

हळू जगणाऱ्या शहरांची एक रीतसर संघटनाही आहे. सिट्टास्लो. 1999 मध्ये इटलीत सुरू झाली, खूण गोगलगाय. मी मोठ्या आशेनं वाचायला घेतलं, तर सभासद व्हायचं तर लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत लागते. म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांना प्रवेश नाही! संध्याकाळी आमच्या एका फलाटावर उभ्या असलेल्या माणसांनी मिळून अर्ज केला, तरी बहुधा फेटाळला जाईल.

राहता राहिलं सातव्या मजल्यासारखं अ‍ॅप. तेही घेऊन पाहिलं. ‘आता श्वास घ्या,’ असा संदेश नेमका बॉसच्या मीटिंगमध्ये यायचा, आणि नाही घेतला तर रात्री तक्रार : ‘तुमची शांततेची साखळी तुटण्याच्या बेतात आहे.’ ती तुटू नये म्हणून मी एकदा रिक्षात, भर खड्ड्यांतून, डोळे मिटून घाईघाईनं ध्यान उरकलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, “ताई, दवाखान्यात घेऊ का?” अ‍ॅप काढून टाकलं, तर जाताना त्यानं खास सवलत देऊ केली. तीही फक्त पुढची दहा मिनिटं. त्वरा करा.

हे सगळं मी नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं वहिनी, पण रस्त्यावर कशाला बसायचं? घरी बसायचं की!” तिला काय सांगू? बाहेर बसले तर निदान रजिस्टर घेऊन कोणी विचारतं. घरात विचारत नाहीत, देतात. मी टेकले की पाचव्या सेकंदाला आतल्या खोलीतून आवाज येतो, “बसलीच आहेस तर…” बसलीच आहेस तर एवढं बटण लावून दे. बसलीच आहेस तर बेल वाजतेय ती बघ. बेल वाजली तर उठावं लागतं, मग बसलेलीनंच का उठायचं, हा प्रश्न आमच्याकडे आजवर कुणाला पडलेला नाही. सासूबाई गेली कित्येक वर्षं खिडकीशी तासन्‌तास बसतात, पण त्यांच्या हातात जपमाळ असते. मी नीट लक्ष ठेवून पाहिलं आहे, मणी सरकत नसतात. काका म्हणाले होते तेच. नुसती धरायची.

म्हणून सध्या मी मांडीवर लॅपटॉप उघडून बसते. चेहऱ्यावर थोडी आठी ठेवायची, अधूनमधून एखादी कळ दाबायची. झकास चालत होतं. आत्ता हे लिहायला घेतलं आणि दाबण्याचा आवाज जरा जास्तच झाला असावा, कारण आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणताहेत, “लॅपटॉप घेऊन बसलीच आहेस तर माझ्या विम्याचा हप्ताही भरून टाक. आज शेवटची तारीख आहे.”