राजीनामा लिहून घेऊ नका, दादा

नमस्कार दादा. कामगार कपातीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तुमचं बावीस माणसांचं वर्कशॉप. मोठ्या कंपनीनं ऑर्डर निम्म्यावर आणली, बँकेचा हप्ता मात्र तेवढाच. 'कायदे तीनशे कामगारवाल्यांना. आम्ही राजीनामा घेऊन हिशोब चुकता केला तर बिघडलं कुठे?' असं तुम्ही विचारलंत.

काम नसेल तर माणसं कमी करावी लागतात, त्यावर माझा वाद नाही. पण तीनशेचा आकडा सरकारच्या पूर्वपरवानगीपुरता आहे. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हे बावीस माणसांच्या शॉपलाही चुकत नाही. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनं त्यात पुनर्कौशल्य निधीचे, म्हणजे कमी केलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून, आणखी पंधरा दिवसांचे पैसे घातले.

अकरा वर्षं झालेला, लेथवर काम करणारा टर्नर धरा, बेसिक-डीए मिळून 18,000. नोटिशीचे 18,000, भरपाईचे 99,000, निधीचे 9,000. झाले 1,26,000. ग्रॅच्युइटी यात नाही, ती राजीनामा दिला तरी द्यावीच लागते. पण राजीनाम्यावर सही झाली की हे सव्वा लाख बुडाले. तो कागद पुढे सरकवतात तो याचसाठी.

माझे वडील सातपूरला एका कंपनीत होते. एका संध्याकाळी ऑफिसात बोलावून टाइप केलेल्या इंग्रजी कागदावर त्यांची सही घेतली. घरी आल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवला: घरगुती कारणामुळे नोकरी सोडत आहे. आई पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच धरून तिनं विचारलं, "घरात काय झालंय?" वडील काही बोलले नाहीत. पुढे कामगार उपायुक्तांकडे जायचा विषय निघाला की ते तोच कागद काढून दाखवायचे. "सही माझीच आहे ना," म्हणायचे. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं, अजून लागतं.

'जुने महाग पडतात, आधी तेच काढतो,' हेही तुम्ही लिहिलंत. कायदा नेमका उलटा आहे. त्याच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, वेगळं करायचं तर कारण नोंदवावं लागतं. आणि वर्षभरात ऑर्डर परत आली, भरती निघाली, तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं.

एवढी रक्कम एकदम उभी राहत नाही, हे मला कळतं. ग्रॅच्युइटीपुरती एलआयसीची समूह योजना आहे, छोट्या शॉपनाही घेता येते, ती आताच बघा. आणि कपातीची वेळ आलीच, तर त्या माणसांना महिनाभर आधी मराठीत लिहून द्या की ऑर्डर कमी झाली म्हणून काम थांबतंय. घरी गेल्यावर बायकोला दाखवता येईल असा कागद त्यांच्या हातात असू द्या.