'इन्स्टॉल सर्टिफिकेट' दाबण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, आउटलुक या मेलच्या प्रोग्रामने सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, धोक्याची सूचना दाखवली की 'इन्स्टॉल सर्टिफिकेट' दाबायचं, 'ट्रस्टेड रूट'चा कप्पा निवडायचा आणि मोकळं व्हायचं. मी मात्र पडताळणीचं पाल्हाळ लावून साध्या माणसांना घाबरवलं. मेल सर्व्हर आपल्याच ऑफिसातला असताना संशय घ्यायचा कुणावर, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तो कप्पा फक्त मेलचा नाही, आणि माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे. तिथे एखादं रूट, म्हणजे इतर सर्टिफिकेटांना खरं ठरवणारं मूळ सर्टिफिकेट, बसलं की त्याची खाजगी किल्ली (सर्टिफिकेटवर सही करायचं गुप्त साधन) ज्याच्या हाती, तो कुठल्याही साइटच्या नावाचं सर्टिफिकेट बनवू शकतो. मग बँकेचं खोटं पान उघडलं तरी ब्राउझर कुरकुर करत नाही.

हे घडून गेलेलं आहे. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आधीपासून घातलेला यायचा. त्या सगळ्यांवर रूट एकच आणि किल्लीही एकच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये त्या किल्लीचा पासवर्ड उघड झाला, म्हणजे ती कुणालाही वापरता येऊ लागली. आपल्याकडे जुलै 2014 मध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं समोर आलं. सीसीए, म्हणजे अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणारं भारत सरकारचं कार्यालय, त्याचं रूट मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू रूटांच्या यादीत असल्याने विंडोज त्यांवर विश्वास ठेवत होतं. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे तिथे झळ पोचली नाही. तो प्रकार निदान पकडला गेला, कारण अधिकृत यादीतल्या संस्थांवर अनेकांची नजर असते. तुम्ही-आम्ही हाताने घातलेल्या रूटवर कुणाची असणार?

शिवाय तुमच्या उपायाने सूचना जाईलच असं नाही. सर्टिफिकेट एका नावाचं आणि सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव दुसरं, असं असेल किंवा मुदत संपली असेल, तर रूट घालून काहीही साधत नाही. होस्टिंगवाल्यांकडच्या मेलमध्ये नावाचा हा घोळ फार आढळतो. सेटिंगमध्ये सर्व्हरचं बरोबर नाव टाकलं की तो मिटतो. थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्राम तर रूटांची स्वतःची वेगळी यादी सांभाळतो, आणि त्यात एकाच सर्व्हरच्या एकाच सर्टिफिकेटपुरता अपवाद करता येतो. धोका तेवढ्यापुरताच राहतो, म्हणून मला तो मार्ग बरा वाटतो.

ऑफिसचं स्वतःचं रूट असेल तर ते जरूर घाला, मी नाही म्हणत नाही. फक्त ज्या मेलवर सूचना येते आहे, त्याच मेलमधून त्याची फाइल घेऊ नका. स्वतःच्या खात्यापुरतं रूट घालताना विंडोज शेवटच्या इशाऱ्यात थंबप्रिंट, म्हणजे त्या सर्टिफिकेटची ओळख पटवणारे आकडे-अक्षरं, दाखवतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून ते आकडे जुळवा, मगच 'येस' म्हणा. नोकरी सोडताना स्वतःच्या लॅपटॉपवरून ते काढूनही टाका.

आणि तुमच्या सर्व्हरला इंटरनेटवर चालणारं डोमेन असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. मग कुणाच्याच संगणकावर काही घालावं लागत नाही. ते बसवताना अडलात तर एररचे शब्द जसेच्या तसे इथे लिहा, आपण मिळून पाहू.